कथेची बांधणी शिकवणारे सहा रविवार

गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दिवाळीनंतरच्या ६ रविवारी मुलांसाठी कथालेखनाचा वर्ग भरला होता. वयोमर्यादा १२ ते १७ वर्षे, वेळ सकाळी ९.३० ते १२.३०, शुल्क वहीसकट १२०० रुपये. माझी १३ वर्षांची भाची या वर्गाला जात होती आणि पालकांना मागच्या बाकावर बसण्याची मुभा असल्यामुळे एक रविवार सोडून बाकी सगळे दिवस मीही तिथे होते. माध्यमिक शाळेत मी २२ वर्षे मराठी शिकवले आहे. निबंधाच्या वह्या तपासताना मुलांची गोष्ट नेमकी कुठे लंगडते हे मला दिसत असे, पण ते मुलाला त्याच्याच गोष्टीत कसे दाखवावे, याची पद्धत मला कधी सापडली नव्हती. या वर्गात ती पद्धत पाहायला मिळाली, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. वर्ग चालवणारी मंडळी आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे काम करतात आणि मला पुढे दोषही सांगायचे आहेत, तेव्हा कोणाचे नाव घेत नाही.

पहिल्या रविवारी मुलांनी घरून लिहून आणलेल्या गोष्टी वाचल्या गेल्या. १८ मुलांपैकी निम्म्याहून अधिक गोष्टी पहाटे अंथरुणात सुरू होत होत्या आणि रात्री अंथरुणातच संपत होत्या. शिक्षिकेने त्यावर काहीच टीका केली नाही. तिने दोन खिडक्यांच्या गजांना काथ्याचा सुंभ बांधला, मुलांना पोस्टकार्डाएवढे कोरे पुठ्ठे दिले, गोष्टीतील एकेक प्रसंग एकेका पुठ्ठ्यावर एकाच वाक्यात लिहायला सांगितला आणि ते पुठ्ठे कपड्यांच्या चिमट्यांनी ओळीने सुंभावर टांगले. मग मुलांनी मोठ्याने वाचायचे होते आणि दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये जो शब्द आपोआप तोंडात येईल तो उच्चारायचा होता. उठलो, मग आंघोळ केली, मग न्याहारी केली, मग मामाकडे गेलो. प्रत्येक फटीत ‘मग’ येत होते. तिने आंघोळीचा आणि न्याहारीचा पुठ्ठा अदलाबदल करून टांगला आणि गोष्ट पुन्हा वाचायला सांगितली. गोष्टीचे काहीच बिघडले नाही. ज्या दोन प्रसंगांच्या मध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ येते, त्यांची मात्र अशी अदलाबदल करता येत नाही, हे मुलांच्या पुढच्या १० मिनिटांत आपले आपणच लक्षात आले. कार्यकारणभाव हा शब्द मी वर्गात शेकडो वेळा फळ्यावर लिहिला असेल; तो सुंभावर लोंबकळताना मी प्रथमच पाहिला.

माझ्या भाचीची गोष्ट माटोळीची होती. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर छताला लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजन, आंबाडे, कवंडळ अशी परसातली आणि रानातली फळे बांधतात, हीच माटोळी. तिच्या गोष्टीतले आजोबा दरवर्षी ती बांधतात. यंदा त्यांनी बांधलेल्या गाठी सैल राहतात, रात्री सगळे झोपल्यावर नात स्टुलावर चढून त्या पुन्हा बांधते आणि सकाळी आजोबा काही बोलत नाहीत. गोष्ट चांगली होती. पण तिचे ११ पुठ्ठे होते, त्यांतले पहिले ५ बाजारहाटात गेले होते, आणि नवव्या पुठ्ठ्यावर लिहिले होते : ‘आईने मला सांगितले की आजोबांना आता नीट दिसत नाही.’ या एका वाक्याचे काय करायचे, या प्रश्नाभोवती तिचे उरलेले रविवार फिरत राहिले. मीही या वर्गाचे मोल मुख्यतः त्याच वाक्याच्या प्रवासावरून ठरवत आहे.

दुसरा रविवार आपल्या जवळच्या गोष्टींचा होता आणि तो फार रंगला. श्रावणातल्या रविवारी आपल्याकडे आयताराचे पूजन होते आणि आदित्यराणूबाईची कहाणी वाचली जाते, ती बहुतेक मुलांनी आजीच्या मांडीवर ऐकलेली होती. आटपाट नगरापासून ‘सुफळ संपूर्ण’पर्यंत तिचे पुठ्ठे लावले तेव्हा वसा घेणे, तो टाकला जाणे, दैन्य येणे, वसा पुन्हा घेणे आणि गेलेले परत मिळणे, असा सांगाडा सुंभावर दिसू लागला. त्यातही शिक्षिकेने एक बारीक गोष्ट दाखवली. कहाणीतल्या बाईला वाटेत मोळीविक्या भेटतो, माळी भेटतो, आणि ती त्यांना कहाणीच सांगते. ज्याने मनोभावे ऐकली त्याचे भले होते. म्हणजे कहाणी ऐकल्याने काय होते, हे कहाणीच्या पोटातच दाखवलेले आहे, आणि ऐकणाऱ्या आजीला व नातीला आपण कोणाच्या जागी बसलो आहोत हे न सांगता कळते.

तिथून चर्चा गोष्टीतल्या गोष्टीकडे, वेताळाकडे गेली. आमोण्यासारख्या गावांत वेताळ हा ग्रामदेव आहे, त्यामुळे आमच्या मुलांना तो परका नव्हता. राजा प्रेत खांद्यावर घेऊन निघतो, त्याने मौन पाळायचे असते, वेताळ गोष्ट सांगून शेवटी प्रश्न विचारतो, उत्तर माहीत असल्यामुळे राजाला बोलावे लागते आणि प्रेत पुन्हा झाडावर जाते. या चौकटीमुळे आतल्या प्रत्येक गोष्टीला एक अट पडते : तिचा शेवट चोख प्रश्नावरच झाला पाहिजे. आणि साखळी थांबते तीही नेमकी जिथे राजाकडे उत्तर नसते तिथेच. बाहेरची चौकट ही शोभेची वस्तू नसून आतल्या गोष्टीचे शेवट कसे असतील हे तीच ठरवते, हा मुद्दा १२ वर्षांच्या मुलांनाही अवघड गेला नाही.

याच दिवशी भरताच्या नाट्यशास्त्रातील पाच अवस्थांची ओळख करून दिली गेली. प्रारंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति आणि फलागम ही नावे ऐकून मुले दबतील असे मला वाटले होते. शिक्षिकेने नावे फळ्याच्या कोपऱ्यात ठेवली आणि एकच प्रश्न विचारला : तुमच्या गोष्टीत कोणाला काय हवे आहे, आणि ते मिळेल अशी आशा प्रथम कोणत्या पुठ्ठ्यावर दिसते? सहा-सात मुलांच्या गोष्टीत कोणालाच काही नको होते, हे त्या वेळी उघड झाले. बीज आणि बिंदू या कल्पनांपैकी बिंदू मुलांना अधिक आवडला. मध्येच तुटू पाहणारे कथानक ज्याच्यामुळे पुन्हा सांधले जाते तो बिंदू, आणि तो पाण्यावर पडलेल्या तेलाच्या थेंबासारखा पसरतो, असे परंपरेने म्हटले आहे. शिक्षिकेने खरोखरच वाटीभर पाण्यात खोबरेल सोडून दाखवले. भाचीने वहीत ‘बिंदू’ लिहून त्यापुढे ‘गाठ’ असे लिहिले. तिच्या गोष्टीतला तो थेंब माटोळीची गाठ आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते.

तिसरा रविवार या वर्गाचा गाभा होता, आणि केवळ त्या तीन तासांसाठीही मी १२०० रुपये आनंदाने दिले असते. विषय होता शाकुंतल. महाभारतातल्या मूळ आख्यानात अंगठीही नाही आणि शापही नाही. तिथे राजाला सगळे आठवत असते, तरी लोक काय म्हणतील या भीतीने तो भर सभेत शकुंतलेला नाकारतो आणि शेवटी आकाशवाणी होऊन प्रकरण मिटते. कालिदासाने त्यात दुर्वासाचा शाप आणि राजाच्या नावाची अंगठी घातली. यामुळे राजाचा दोष सौम्य झाला, असे आपण शाळेत शिकवतो आणि पुढे जातो. इथे मुलांना प्रश्न विचारला गेला तो वेगळाच होता : शाप कोणाला माहीत आहे?

मुलांनी फळ्यावर तक्ता केला. शाप प्रेक्षकांनी ऐकला आहे. तो अनसूया आणि प्रियंवदा यांनी ऐकला आहे, पण मैत्रिणीचे मन कोवळे आहे म्हणून त्यांनी तो तिला सांगितलेला नाही. शकुंतलेला माहीत नाही. राजाला माहीत नाही. आता पाचव्या अंकात ती दोघे समोरासमोर येतात तेव्हा रंगमंचावरच्या दोघांनाही जे माहीत नाही ते समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत असते. ती अंगठी दाखवायला हात पुढे करते आणि बोट रिकामे असते. हा शाप सहाव्या अंकात, कोळ्याला मासळीच्या पोटात अंगठी सापडल्यानंतर, प्रथमच प्रेक्षकांना कळला असता तर काय झाले असते, असे शिक्षिकेने विचारले. एक मुलगी म्हणाली, मग आम्हाला पाचव्या अंकात राजाचा राग आला असता. दुसरा मुलगा म्हणाला, राग नाही, कोडे वाटले असते. दोन्ही उत्तरे बरोबर होती. प्रसंग तेच, त्यांचा क्रमही तोच. केवळ एक माहिती आधी किंवा नंतर दिल्याने वाचणाऱ्याच्या मनात करुणा, राग की कुतूहल उमटेल हे बदलते. कथेची बांधणी म्हणजे कोणाला काय केव्हा कळते याची आखणी, अशी व्याख्या त्या दिवशी फळ्यावर लिहिली गेली नाही, पण मुले ती घेऊन घरी गेली.

त्या रात्री भाचीने नववा पुठ्ठा फाडला. आईने काही सांगण्याचे कारणच उरले नाही, कारण आता तिच्या गोष्टीचे पहिलेच वाक्य असे होते : ‘आजोंनी सुतळीसाठी हात पुढे केला, तो सुतळीच्या बाजूने गेला.’ पुढे आजोबा म्हणतात, ‘बाय, हांगा धर,’ आणि नात धरते, पण आजोबा दुसरीकडेच गाठ मारत असतात. बाजारहाटाचे पाचही पुठ्ठे गेले. वाचणाऱ्याला आता पहिल्या ओळीपासून कळते की आजोबांना दिसत नाही, नातीला ते अर्धवट कळते, आणि आजोबांना वाटते की कोणालाच कळलेले नाही. रात्री ती स्टुलावर चढते तेव्हा ती गाठी कोणासाठी बांधते आहे, हे सांगावे लागत नाही.

इथे भाषेबद्दल एक गोष्ट नोंदवायला हवी. आमची बहुतेक मुले घरी कोंकणी बोलतात आणि मराठीत वाचतात, लिहितात. पहिल्या मसुद्यात तिचे आजोबा पाठ्यपुस्तकासारखे ‘बाळ, हे इथे पकड’ म्हणत होते. संवाद कोंकणीत ठेवावेत, निवेदन मराठीत असावे आणि जे वाक्य प्रसंगावरून कळते त्याचा अर्थ पुन्हा सांगू नये, असा सल्ला वर्गात सर्वांनाच दिला गेला. गोमंतकात मराठी लिहिणाऱ्या मुलांना हे इतक्या मोकळेपणाने कोणी सांगितलेले मी आजवर ऐकले नव्हते, आणि त्यासाठी या मंडळींचे मी मनापासून आभार मानते.

चौथ्या रविवारबद्दल मात्र माझी तक्रार आहे. त्या दिवशी बाहेरून पाहुणे वक्ते आले होते. त्यांनी मुलांना छापील टिपण वाटले आणि पडद्यावर डोंगराची आकृती दाखवली : पायथ्याशी ओळख, चढणीवर वाढता ताण, शिखरावर कळस, मग उतार आणि शेवट. ही आकृती गुस्ताव फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ साली मांडली, आणि ती त्याने ग्रीक आणि शेक्सपिअरच्या नाटकांचा, त्यातही मुख्यतः शोकांतिकांचा, अभ्यास करून काढली. पाच अंकी नाटकात कळस मधल्या अंकात येतो, म्हणून त्याचे शिखर मध्यावर आहे. तीन पानांच्या कथेत कळस मध्यावर आणला तर उरलेले दीड पान करायचे काय? टिपणात हा संदर्भ कुठेच नव्हता. सर्व कथा अशाच असतात, एवढेच वाक्य होते. परिणामी भाचीने घरी येऊन गाठ सुटण्याचा प्रसंग पट्टीने मोजून मध्यावर आणला आणि गोष्ट बिघडवून ठेवली. ती पूर्ववत करायला तिला दोन संध्याकाळी लागल्या.

तीच गत नायकाच्या प्रवासाची. जोसेफ कॅम्पबेलने १९४९ साली पुराणकथांच्या अभ्यासातून ही कल्पना मांडली तेव्हा त्यात १७ टप्पे होते. चित्रपट लिहिणाऱ्यांसाठी पुढे त्यांचे १२ केले गेले. पाहुण्यांनी ते १२ टप्पे रिकाम्या चौकोनांसह छापून आणले होते आणि मुलांनी ते भरायचे होते. राक्षस मारायला निघालेल्या राजपुत्राचे चौकोन भराभर भरले गेले. माटोळीखाली स्टूल सरकवणारी मुलगी कोणत्या ‘अज्ञात जगात’ प्रवेश करते, हे तिला लिहिता येईना. ती गप्प बसून राहिली, आणि मला त्या बाकावर बसून फार वाईट वाटले. प्रवासाची कथा ही कथांची एक मोठी जात आहे, ती एकमेव जात नव्हे, एवढे वाक्य जरी उच्चारले असते तरी पुरले असते. चिनी चार ओळींच्या कवितेतून निघालेली आणि जपानात रुळलेली ‘की-शो-तेन-केत्सु’ ही चारपदरी रचना तिच्या कामाची होती : आधी मांडणे, मग वाढवणे, मग अनपेक्षित वळण आणि शेवटी सांधा. तिच्यात कोणी कोणाशी झुंजलेच पाहिजे अशी अट नसते. हा उल्लेख टिपणाच्या शेवटच्या पानावर दीड ओळीत होता आणि वेळेअभावी तिथपर्यंत कोणी पोहोचले नाही.

त्याहून मोठी संधी हुकली ती मूळच्या पेडण्याकडच्या एका मुलाने हात वर केला तेव्हा. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, असे तो म्हणाला. त्याचा काका दशावतारात काम करतो. कोणते आख्यान, कोण कोणाचे सोंग घेणार आणि कोणता प्रवेश कशावर संपवायचा, एवढे पडद्यामागे ठरते आणि मग रात्रभर नट आपापल्या शब्दांत बोलतात. लिहिलेली संहिता नसताना केवळ सांगाड्यावर रात्र काढणारी माणसे आपल्याच तालुक्यांत आहेत, आणि सांगाडा म्हणजे काय याचे इतके जिवंत उदाहरण तो मुलगा हातात आणून देत होता. वक्त्यांनी ‘छान’ म्हणून पुढची आकृती लावली. पुढच्या वर्षी आयोजकांनी त्या पाहुण्यांच्या जागी दशावतारातल्या एखाद्या जाणत्या नटाला बोलवावे, अशी माझी लेखी सूचना मी त्यांना दिली आहे.

पाचवा रविवार मला चुकला. भाचीच्या वहीवरून दिसते की त्या दिवशी निवेदक कोण असावा यावर काम झाले आणि प्रत्येकाने आपला एक प्रसंग प्रथमपुरुषी आणि तृतीयपुरुषी असा दोनदा लिहिला. तिने ‘मी’ सोडून ‘ती’ घेतली, कारण ‘मी’ म्हटले की आपल्याला कळलेले सगळे सांगावेसे वाटते, असे कारण तिने वहीत लिहिले आहे. हे वाक्य तिचे आहे की शिक्षिकेचे, हे मी विचारले नाही.

शेवटच्या रविवारी शेवट शिकवायचा होता, पण निम्मा वेळ प्रमाणपत्रे आणि छायाचित्रे यांत गेला. ६ रविवारांच्या वर्गात शेवटासाठी जेमतेम ५० मिनिटे मिळावीत हे योग्य नाही, कारण मुलांना सर्वांत जास्त अडचण तिथेच येते. शाळेने त्यांना तात्पर्य लिहायची सवय लावलेली असते, आणि मीही त्या शाळेचाच भाग आहे. बहुतेक गोष्टींच्या शेवटी ‘यावरून आपल्याला कळते की’ हे शब्द होते. शिक्षिकेने ते शेवटचे वाक्य हाताने झाकून उरलेली गोष्ट वाचायला सांगितली, आणि बऱ्याच गोष्टी तिथेच पुऱ्या झालेल्या निघाल्या. ज्या निघाल्या नाहीत, त्यांच्यासाठी वेळ उरला नव्हता.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगते. खोली हवेशीर होती, बाके लहान मुलांची असल्यामुळे मोठ्या मुलांची अडचण झाली, वही चांगल्या कागदाची होती आणि चहा-बिस्किटे वेळेवर येत होती. १८ मुलांसाठी एकच शिक्षिका कमी पडते. पुठ्ठे टांगण्याच्या कामात शेवटच्या चार-पाच मुलांच्या गोष्टींकडे प्रत्येक वेळी घाईने पाहिले गेले. १२ वर्षांच्या मुलांना शाकुंतलाचा तास थोडा लांबला असे वाटले, १४ च्या पुढची मुले मात्र संपल्यावरही फळ्यापाशी रेंगाळत होती. मुलाने स्वतःची एखादी गोष्ट, कितीही कच्ची असो, लिहून नेली तरच या वर्गाचा उपयोग होतो. रिकाम्या हाताने आलेल्या दोघांना सुंभावर टांगायला काही नव्हते आणि ते तिसऱ्या रविवारनंतर आले नाहीत. पुढील वर्ग मे महिन्याच्या सुटीत घेण्याचा विचार आहे असे आयोजक म्हणाले. शुल्क तेवढेच राहणार असेल आणि चौथा रविवार बदलणार असेल तर मी माझ्या शाळेतल्या चौघांना पाठवणार आहे.

भाचीची गोष्ट अजून पुरी झालेली नाही. आजोबा सकाळी माटोळीखाली उभे राहतात आणि बोटांनी एकेक गाठ चाचपून पाहतात, इथपर्यंत ती आली आहे. आजोबा डावखुरे आहेत, त्यांची गाठ उलटी पडते आणि नातीची सुलटी, ही गोष्ट तिने आता दुसऱ्याच परिच्छेदात, सहज बोलल्यासारखी, पेरून ठेवली आहे. म्हणजे बोटे फिरू लागताच वाचणाऱ्याला कळते की आजोबांना कळणार. मग त्यांनी काय म्हणावे? पहिल्या मसुद्यात ते नातीच्या डोक्यावरून हात फिरवत होते, ते तिने खोडले. नंतर ते ‘बरी गांठ मारल्या’ म्हणाले, तेही खोडले. परवा ती वही घेऊन आली आणि म्हणाली, ‘मावशी, आजो पुढच्या वर्षीची सुतळी तिच्या हातात देतात, असे केले तर?’ मी वाचले आणि तिला विचारले, की ती सुतळी तोवर कुठे होती? ती वही मिटून पहिल्या पानाकडे परत गेली आहे.